पत्रकाचं खालचं अर्धं

अन्याय झाला तो दत्तराव वाढप्यांवर. कधी, तर पोळ्याच्या आधीच्या सोमवारी, दुपारी पावणेदोनला. कुठे, तर वसमतच्या बसस्टँडजवळच्या एका खानावळीत, हात धुण्याच्या बेसिनपाशी. अन्याय करणारी व्यक्ती पत्रकं छापते, निवेदनं देते आणि सध्या हा मजकूर लिहीत आहे.

आम्ही शिरड शहापूरचे. हळद विकायला वसमतला आलं की आबा, म्हणजे माझे वडील, आई आणि मला याच खानावळीत नेतात. आबांची रीत ठरलेली. जेवणाआधी ते हात धुतात, दत्तराव टॉवेल पुढे करतात, आणि टॉवेल परत जातो तेव्हा त्याच्या घडीत वीसची नोट असते. त्या वेळी आबा छताकडे बघतात, दत्तराव नळाकडे. (इतक्या गुपचूप तर आमच्याकडे सोयरिकीही जमत नाहीत.) मग गरम भाकरी येते, जास्तीचा कांदा येतो, आणि “आबा, पिठलं आत्ताच उतरवलंय” ही आतली बातमी येते.

लहानपणी मला यात प्रेम दिसायचं. कॉलेजात चळवळीत गेले आणि लाच दिसायला लागली.

त्या सोमवारी मी टॉवेलासकट आबांचं मनगट धरलं.

“आबा, ही लाच आहे.”

“कायची लाच? ईस रुपये हायेत.”

“पैसे देता म्हणून कांदा मिळतो.”

“कांदा तो पयल्या दिसापासून देऊन राहिला, बाई. ईस रुपये म्या मागून सुरू केले.”

हा मुद्दा माझ्या पत्रकात नव्हता, त्यामुळे मी तो विचारात घेतला नाही. नोट आबांच्या खिशात परत घातली.

आईचं लक्ष भलतीकडेच. “दत्तराव, तुमी जेवले का?”

“गिऱ्हाईक सरू द्या, अक्का.”

“बघ,” आई मला म्हणाली, “दोन वाजून राहिले अन् मानूस उपाशी हाय. त्येचं छाप की काहीतरी.”

“तेच छापलंय,” मी म्हणाले आणि पिशवीतून पत्रक काढलं. (माझ्या पिशवीत कंगवा सापडणार नाही, पत्रक सापडेल.) सगळ्यात वर माझं नाव. त्याखाली ठळक अक्षरांत ‘टीप देणे बंद करा’. खाली तितक्याच ठळक ‘वाढप्यांना पुरता पगार द्या’. दोन्हींच्या मध्ये एक आडवी रेघ, शोभेसाठी.

पत्रक घेऊन मी गल्ल्यावर गेले आणि मालकाला सगळ्यांसमोर जाब विचारला. त्याने शांतपणे वाचलं. दोनदा वाचलं. म्हणाला, “ताई, पटलं मला.”

इतक्या वर्षांत माझं पत्रक कोणालाही पटलेलं नाही. मला तिथेच संशय यायला हवा होता. पण मी विजयाने आईकडे बघत होते. तेवढ्यात मालकाने पट्टी काढली, शोभेच्या रेघेवर ठेवली आणि पत्रक सरळ दोन केलं. वरचं अर्धं भाताची शितं लावून बेसिनच्या वर चिकटवलं. ‘टीप देणे बंद करा’, आणि डोक्यावर माझं नाव.

“अन् खालचं?” मी विचारलं.

“त्याच्यावर इचार करून राहिलो,” म्हणत त्याने ते गल्ल्यात टाकलं.

आम्ही जेवायला बसलो. भाकरी गरम आली. जास्तीचा कांदाही आला, पैसे न देता. तो मला काही गिळवेना.

“ताई, लिहिलं तुमी बराबर,” ताट उचलताना दत्तराव हळूच म्हणाले. “फकत खालचं वर पायजे व्हतं. पगार घरात जातो. टॉवेलातलं पोरीच्या क्लासला जात व्हतं.”

त्यांच्या आवाजात राग असता तर मी उत्तर दिलं असतं. रागाला उत्तर द्यायची मला सवय आहे.

त्यानंतर मी तीनदा निवेदन घेऊन गेले. तिन्ही वेळा मालकाने भिंतीकडे बोट केलं. “आमी तर तुमच्याच म्हणण्यापरमानं चालून राहिलो.” चौथ्यांदा गेले ती नखांनी कागद खरवडायला. शितं सिमेंटसारखी वाळली होती. पाटी फाडते म्हणून गिऱ्हाइकांनीच मला बाहेर काढलं. आता मला आत प्रवेश नाही, माझ्या नावाला आहे.

आबांनी मात्र पत्रक न छापता मार्ग काढला. हल्ली जेवण झालं की ते दत्तरावांना म्हणतात, “चला, जरा बस दाखवा आमाले.” तीस वर्षं त्याच स्टँडवरून त्याच बसने जाणारे आबा! दत्तरावही गंभीर चेहऱ्याने बस दाखवून येतात. मी बाहेर उभी असते, तेव्हा दोघेही छताकडे बघावं तसे आभाळाकडे बघतात.

तेव्हा वाचकहो, वसमतला आलात तर त्या खानावळीत जेवा. दत्तराव जेवले का ते विचारा. निघताना त्यांना तुमची बस दाखवायला सांगा, गाडीने आला असाल तरी. आणि गल्ल्यावर थांबून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, पत्रकाचं खालचं अर्धं मागा. फक्त माझं नाव सांगू नका.