मियाशिता-सानच्या डोंगरातली वाट

"यायचं असेल तर जरूर या, पण सायकल चालवायला मिळेल असं धरून चालू नका," हायाशी-साननी आधीच बजावलं होतं. "सकाळी पाट साफ करायचाय, गवत कापायचंय. दुपारी गावाची मीटिंग आहे."

हायाशी-सान ऑफिसात माझ्या शेजारच्या डेस्कवर बसतात. आठवडाभर सर्व्हर सांभाळणारा हा अबोल माणूस सुट्टीच्या दिवशी नागानोतल्या आपल्या आजोळी जातो आणि तिथल्या डोंगरात मित्रांबरोबर माउंटन बाइकची ट्रेल बांधतो, हे मला फार उशिरा कळलं. मी पुण्याची, टेकडीवरच्या पायवाटांवर सायकल शिकलेली. जपानला आल्यापासून मात्र माझी सायकल निशी-कसाईच्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत धूळ खात होती. इथे डोंगरातल्या बहुतेक वाटांना मालक असतो, आणि सायकलवाल्यांना बघून तो खूश होतोच असं नाही. त्यामुळे मी लगेच "येते" म्हणाले, आणि आशेवर सायकलही बरोबर घेतली.

कुणाला असं जायचं असेल तर सांगते. जपानच्या ट्रेनमध्ये सायकल नेता येते, तिचं वेगळं तिकीटही लागत नाही, पण चाकं काढून ती पूर्ण बॅगेत घालावी लागते. तोझाई लाइनच्या मेट्रोत ती बॅग कवटाळून उभं राहणं म्हणजे एखाद्या झोपलेल्या म्हशीला सांभाळण्यासारखं आहे. शिंजुकूहून लिमिटेड एक्सप्रेस पकडताना डब्यातली अगदी शेवटची सीट घ्या, तिच्यामागे बॅग उभी राहते. शाकाहारी असाल तर डबा घ्याच. मी पोळ्या आणि बटाट्याची भाजी घेतली होती.

डोंगर सुरू झाले तशी मी फोन बाजूला ठेवला. नोव्हेंबरची सुरुवात होती. या भागात कारामात्सु नावाची सूचिपर्णी झाडं आहेत. ती शरदात सोनेरी होतात आणि मग त्यांची पानं गळतात. हे वाचून माहीत होतं. स्टेशनवरून हायाशी-सानच्या छोट्या ट्रकमधून वर चढताना ते प्रत्यक्ष पाहिलं. वाऱ्याची एक झुळूक आली आणि अख्ख्या उतारावरून सोनेरी सुया खाली झरायला लागल्या. काचेवर, रस्त्यावर, समोरच्या शेतात काम करणाऱ्या आजोबांच्या टोपीवर. आवाज काहीच नाही. मी तोंड उघडं ठेवून बघत राहिले. हायाशी-साननी ट्रक बाजूला घेऊन थांबवला.

गावाचं नाव मी मुद्दाम देत नाहीये. ट्रेल अजून खुली झालेली नाही, आणि ती का नाही तीच ही गोष्ट आहे.

सकाळचं काम म्हणजे डोंगरातून शेतांकडे येणाऱ्या पाटातला पालापाचोळा उपसणं. हायाशी-सानचे सायकलवाले मित्र आणि गावातली म्हातारी मंडळी एका ओळीत उभी राहून फावडी चालवत होती. ट्रेलचा विषय कुणी काढत नव्हतं. मी हायाशी-सानना विचारलं, "हे कधीपासून करताय?"

"दोन वर्षं होतील. पहिल्या वर्षी आम्ही सायकलचं नावच काढलं नाही. फक्त येत राहिलो. मग गावानेच विचारलं, तुम्हाला नक्की हवंय तरी काय?"

गावाने तेव्हा वरच्या जंगलातली कोळसेवाल्यांची जुनी, झाडोऱ्यात बुजलेली वाट साफ करायला परवानगी दिली होती. ती साफ झाली होती. वळणं बांधून झाली होती, पाणी काढून द्यायला चर खणून झाले होते. आता तिच्यावर सायकली सोडायच्या की नाही, हे दुपारी ठरायचं होतं. मधला मोठा तुकडा मियाशिता-सान नावाच्या एका आजींच्या मालकीचा होता. त्या नाही म्हणाल्या असत्या तर ट्रेल तिथेच संपली असती.

दुपारी सगळे कोमिनकानमध्ये, म्हणजे गावाच्या समाजमंदिरात जमलो. तातामीच्या चटयांवर लांबलचक बैठी टेबलं, चहा, मुळ्याचं लोणचं आणि पालेभाजी भरलेल्या गरम ओयाकी. ओयाकी दिसायला आपल्या भरल्या भाकरीची धाकटी बहीण. मी मासे खात नाही हे कुठून तरी स्वयंपाकघरात पोचलं होतं, कारण माझ्यासाठी वेगळी बशी आली आणि आतून एका काकूंनी हातानेच "मासा नाही" अशी खूण केली.

आधी गावचे प्रमुख बोलले. सगळे त्यांना कुचो-सान म्हणतात. "तुम्ही पडलात तर उचलणार कोण? आमच्याकडे सगळे सत्तरीच्या पुढचे. उचलायला आम्ही आलो तर आम्हालाच उचलावं लागेल." सगळे हसले. हायाशी-साननी ॲम्ब्युलन्स कुठवर येईल, विमा कसा असेल, डोंगरात आपली कोण माणसं उभी राहतील हे नीट सांगितलं. माना हलल्या. मला वाटलं, झालं काम.

मग मियाशिता-सान बोलल्या. लहानशी मूर्ती, करडा स्वेटर, हात मांडीवर.

"काही वर्षांपूर्वी, ती वाट बुजायच्या आधी, हे अळंबी घेऊन त्याच वाटेने खाली येत होते," त्या म्हणाल्या. हे म्हणजे त्यांचे यजमान. "वरून सायकली आल्या. फार जोरात. हे बाजूला उडी मारायला गेले आणि पडले. सायकलवाले थांबले नाहीत. बहुतेक त्यांना दिसलंच नसेल. यांचं खुब्याचं हाड मोडलं. त्यानंतर ते डोंगरावर कधी गेले नाहीत. मागच्या हिवाळ्यात वारले."

आवाज चढला नव्हता की कापत नव्हता. त्यामुळे ऐकणं जास्त अवघड गेलं.

ते सायकलवाले हायाशी-सानच्या ग्रुपमधले नव्हते. मला वाटलं, आता ते हे सांगतील. मी असते तर पहिलं वाक्य तेच बोलले असते. हायाशी-सान तातामीवर वाकले, कपाळ जमिनीला लागेपर्यंत. "आम्हाला माहीत नव्हतं. ट्रेलचं काम आम्ही इथेच थांबवतो," एवढंच म्हणाले. त्यांच्यामागे एकेक करून सगळे मित्र वाकले. मीही वाकले. पाट उपसलेले, चर खणलेले ते सगळे शनिवार एका वाक्यात सोडून दिलेले मी पहिल्यांदाच पाहत होते.

मियाशिता-सान माझ्याकडे वळल्या. कदाचित मी एकटीच परकी होते म्हणून. "तुम्ही इतक्या लांबून आलात. त्या वाटेने वर जाऊन आलात का?"

"नाही," मी माझ्या मोडक्या जपानीत म्हणाले. "तुम्ही?"

"हे पडल्यापासून मी नाही गेले. मला एकटीला जमत नाही."

मी भीतभीतच विचारलं, "माझ्याबरोबर याल?"

"उद्या सकाळी," त्या म्हणाल्या. "चालत."

रात्री गावातल्याच एका मिन्शुकुत, म्हणजे घरगुती लॉजवर, राहिले. रात्रीचं आणि सकाळचं जेवण भाड्यातच असतं, मात्र माशाचा रस्सा नको हे बुकिंग करतानाच सांगा.

सकाळी गवतावर दव गोठलं होतं. सायकली खालीच ठेवून आम्ही निघालो. पुढे मियाशिता-सान काठी टेकत, त्यांच्या बाजूला मी, मागे हायाशी-सान आणि त्यांचे मित्र ओकादा-सान. वाट पहिल्या वळणावर सीडरच्या जंगलात शिरली. एवढी सरळ, एवढी उंच झाडं, की बोलताना आपोआप आवाज खाली येतो. मुळांवरून, नव्या फळीवरून मियाशिता-सान हळूहळू चढत होत्या. मध्येच थांबून म्हणाल्या, "इथे दोन्ही बाजूंना कमरेएवढं गवत असायचं."

सीडर संपले आणि कारामात्सु सुरू झाले. पायाखाली सोनं, डोक्यावर सोनं. एका वळणापाशी त्या थांबल्या. यजमान पडले ती जागा हीच, हे मला विचारावं लागलं नाही. त्यांनी हात जोडले नाहीत. वाकून त्यांनी काठीने पानं बाजूला सारली. एक अळंबी होती. ती त्यांनी उपटली नाही. पानं परत सारखी केली.

आणखी थोडं वर रान उघडलं आणि समोर जपानी आल्प्सची रांग उभी राहिली, ताज्या बर्फाने पांढरी. सह्याद्री मी आयुष्यभर चढले आहे, पण डोंगर असा अचानक आणि इतका गप्प समोर आलेला कधी पाहिला नव्हता. माझे डोळे भरून आले. मियाशिता-सान दगडावर बसल्या.

"मला वाटलं नव्हतं, मी पुन्हा इथवर येईन," त्या म्हणाल्या. मग मागे न बघता, "हायाशी-सान, ही वाट तुम्ही चालणाऱ्यांना द्या. सायकलींना वरच्या उतारावरून दुसरी करा. ती जमीनही माझीच आहे."

ओकादा-सानचा चेहरा पडलेला मला दिसला. बांधलेलं प्रत्येक वळण आता पायी चालणाऱ्यांसाठी होतं, आणि वरचा उतार तर नुसता दगड आणि कारवीसारखा दाट बांबू. हायाशी-साननी त्यांच्याकडे एकदा पाहिलं. ओकादा-साननी एक लांब श्वास सोडला आणि मान हलवली.

"हो," हायाशी-सान म्हणाले. "अळंबीच्या दिवसांत सायकली बंद ठेवू."

उतरताना मियाशिता-साननी एका हाताने काठी धरली आणि दुसऱ्या हाताने ओकादा-सानची बाही.

माझी सायकल बॅगेतून बाहेर न येताच निशी-कसाईला परतली. घरी नवरा म्हणाला, "एवढं ओझं वाहून नेलंस, आणि एकदाही चालवली नाहीस?" मी त्याला ओयाकी दिल्या आणि आल्प्सचा फोटो दाखवला. फोटोत त्यातलं काहीच आलं नव्हतं. काय आलं नव्हतं ते सांगायला मला बराच वेळ लागला. आपण टेकडीवर निघतो तेव्हा ती आपलीच असते, असं मी कायम धरून चालले होते. इथे लोक एका वाटेसाठी दोन वर्षं पाट उपसतात, आणि ती वाट दुसऱ्याला देऊन पुन्हा खणायला लागतात.

परवा लंचला हायाशी-साननी बातमी दिली. वरच्या उतारावरचा बांबू जवळजवळ निघालाय. थंडी नसेल त्या दिवशी मियाशिता-सान घडीची खुर्ची घेऊन जुन्या वाटेवरून वर येतात आणि बसून बघतात. कुचो-साननी सुचवलं, नव्या ट्रेलला त्यांच्या यजमानांचं नाव द्यावं.

"मग? त्यांना आवडलं असेल," मी म्हणाले.

हायाशी-सान चक्क मोठ्याने हसले. "खुर्चीवरून उठल्याच. म्हणाल्या, मुळीच नको. आमच्या यांना सायकली अजिबात आवडायच्या नाहीत."