मॅडमची चाळण

नलिनी मॅडम गेल्याचा फोन सांगलीहून आला, तेव्हा मी गोठ्यात बसून आल्याचं बेणं निवडत होतो. खरं लिहायचं तर आधी दुःख झालं नाही... सुटल्यासारखं वाटलं. आता 'सांगितलंत का?' असं विचारणारं कुणी उरलं नाही, हाच विचार पहिला आला. मग समोर खुंटीला अडकवलेली त्यांची चाळण दिसली आणि माझी मलाच लाज वाटली.

राज्यातले गड, लेणी, जुनी देवळं, बारवा ज्या सरकारी खात्याकडे सांभाळायला असतात, त्याच्या मॅडम संचालक होत्या. माझी त्यांची ओळख एका खोट्यातून झाली आणि ते खोटं माझं होतं.

आमचं गाव सातारा जिल्ह्यात, एका गडाच्या पायथ्याला. गडाचं नाव मुद्दामच लिहीत नाही. फौजेतून परत आल्यावर मी गावातली पोरं गोळा करून रविवारी गडावर साफसफाई सुरू केली. एका उन्हाळ्यात आम्ही कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं उपसलं. पिढ्यान्‌पिढ्या साचलेला गाळ, काळाभोर, लोण्यासारखा मऊ. परवानगीशिवाय काही हलवू नये, असं सांगणारी खात्याची निळी पाटी तिथंच होती. पण ती दुसऱ्यांसाठी आहे, असं आम्हाला वाटायचं. उलट 'खातं झोपलंय, म्हणून आम्ही जागे आहोत' असं मी फोटोखाली लिहिलं. पोरांनी गाळाचे ढीग काठावर लावले. इतकी चांगली माती, मागितली तर सगळ्यांनाच हवी झाली असती... म्हणून आठवड्यातल्या मधल्याच एका वारी मी एकटाच ट्रॅक्टर घेऊन कच्च्या रस्त्यानं वर गेलो आणि ती माझ्या आल्याच्या वावरात आणून पसरली. पोरांना सांगितलं, कड्यावरून ढकलली.

त्याच सुमारास मॅडम संचालक झाल्या होत्या. पहिल्याच बैठकीला त्यांनी अधिकाऱ्यांच्या आधी पहारेकऱ्यांना बोलावलं आणि अहवाल मागितलाच नाही. म्हणाल्या, "आपल्या जागेतली तुम्हाला न उलगडलेली एक गोष्ट सांगा." आमच्या गडाचे पहारेकरी शंकरतात्या गडाच्या पलीकडच्या अंगाच्या गावात राहायचे. आणखी एका गडाची राखण त्यांच्याकडेच असल्यानं ते कधी इकडे, कधी तिकडे. त्यांनी उभं राहून विचारलं, "आवं म्याडम, टाक्याच्या पायऱ्या सावली सोडून उनाच्या अंगाला का काढल्यात?" बाकीचे हसले. मॅडम हसल्या नाहीत. पुढच्याच आठवड्यात त्या गडावर हजर.

टाकं लख्ख स्वच्छ होतं. मी शाबासकीच्या तयारीत छाती काढून उभा. मॅडम पायऱ्या उतरून तळाशी गेल्या, हात फिरवला, वर आल्या आणि एखाद्याच्या घराचा पत्ता विचारावा तशा आवाजात म्हणाल्या, "गाळ कुठे टाकलात?"

"कड्याखाली," मी म्हणालो.

बरोबरचा अधिकारी गुन्हा दाखल करायचं बोलू लागला, तर मॅडम म्हणाल्या, "करू या. म्हणजे पुढचा माणूस गाळ आणखी लांब टाकेल." मग आम्हा सगळ्यांना उन्हात बसवून त्यांनी समजावलं. टाक्यावर पाण्याला कोण येत होतं, काय सांडत-फुटत होतं, ते सगळं गाळात थरावर थर बसलेलं असतं. थर मोडले की वस्तू उरते, तिचा काळ हरवतो. मी मान डोलावत होतो. तेव्हाच खरं सांगता आलं असतं.

पुढे दोन उन्हाळे शंकरतात्या कड्याखालच्या निवडुंगात खापऱ्या शोधत होते. मॅडम स्वतः चार-पाच वेळा आल्या, घरची धान्याची चाळण घेऊन. त्या उभ्या, घसरड्या उतारावर बसून माती चाळायच्या आणि तात्यांशी पायऱ्यांबद्दल वाद घालायच्या. हाती काही लागलं नाही. तात्यांच्या टाचेत काटा मोडला, त्याचं कुरूप झालं. पायापेक्षा त्यांच्या मनाला जास्त लागलं होतं. मला एकदा म्हणाले, "दिलीप, एक खापर गावलं न्हाई रं. म्याडमनी इस्वासानं काम दिलं आन् माजी नजर कमी पडली." मी त्यांना चहा पाजला.

एका वर्षी आल्याच्या काढणीला माझ्या वावरात एक बाई ओरडली, "अगं बया, कुणाची बांगडी फुटली?" सगळ्या बायका आपापले हात बघू लागल्या. कुणाचीच फुटली नव्हती. हिरव्या काचेचे जाडसर तुकडे होते, अशी बांगडी आता कुणी घालत नाही. पुढच्या सरीत शिंगाची अर्धी फणी निघाली. ती हातात घेऊन मी बांधावर बसून राहिलो.

मॅडम तोवर निवृत्त होऊन सांगलीला राहत होत्या. रुमालात बांधून सगळं त्यांच्यापुढे नेऊन ठेवलं आणि सांगून टाकलं. त्या रागावतील म्हणून मी खाली बघत होतो. त्यांनी विचारलं, "वावराला उतार कुठल्या अंगाला आहे?" मग फणी उजेडात धरून म्हणाल्या, "गडाच्या गोष्टीत सगळे पुरुषच असतात. ही कुणाची असेल हो? पाण्याला आलेली बाई काठावर केस विंचरत बसली असेल? म्हणून पायऱ्या उन्हात?... तळातली असेल तर केवढी जुनी. वरची असेल, तर तुमच्या पणजीचीही असू शकेल." हसल्या. मग हसू थांबलं. "आता कधीच कळणार नाही, नाही का?"

"मॅडम, मला माफ..."

"माझी नका मागू. मी खुर्चीत होते. काट्यात शंकरराव होते. मी त्यांना म्हटलं होतं, गाळ तिथे नसेलच कदाचित. त्यांना वाटलं मी समजूत घालतेय. ते तुम्हीच सांगायला हवं."

त्यानंतर दर काढणीला त्या एसटीनं यायच्या, चाळण घेऊन. गावाला वाटायचं, मॅडमना आलं लावायला शिकायचंय. बायकांच्या मागून सरीसरीनं चालत त्या माती चाळायच्या, आल्याच्या भावापासून जावाजावांच्या भांडणापर्यंत सगळं विचारायच्या. जाताना पायरीवर चपला घालता घालता मला एकच प्रश्न, "सांगितलंत का?" मी म्हणायचो, "सांगतो, मॅडम." गुन्हा दाखल न करणाऱ्या बाईनं मला या एका गोष्टीतून मात्र कधी मोकळं केलं नाही. शेवटच्या खेपेला चाळण आमच्याकडेच ठेवून गेल्या. विसरल्या की मुद्दाम ठेवली, हे विचारायचं राहिलं.

गेल्या आठवड्यात ती चाळण घेऊन मी गडाच्या पलीकडच्या अंगाला गेलो. शंकरतात्या अंगणात पाय मांडीवर घेऊन टाचेचं कुरूप कोरत बसले होते.

"म्याडम गेल्या म्हनं," ते म्हणाले. "लय वंगाळ झालं." मग माझ्या हाताकडं त्यांचं लक्ष गेलं. "ही त्यांचीच चाळण न्हवं? कड्याखाली आनायच्या ती. तुज्याकडं कशी रं?"

मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसलो.

"तात्या, गाळ कड्याखाली न्हवताच. मी खोटं सांगितलं. त्यो माज्या आल्याच्या वावरात हाय. तुमची नजर कवाच कमी पडली न्हाई. माजं चुकलं, तात्या. मला माफ करा."