राणीच्या जटा

माझ्या मोठ्या जाऊबाईंचं पार्लर आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर आहे. दोन खुर्च्या, तीन आरसे आणि वाट बघणाऱ्यांसाठी एक बाकडं. पंचवीस वर्षं त्या गल्लीतल्या बायकांचे केस कापताहेत. हात हलका, जीभ मात्र धारदार. कुणी 'थोडेसेच कापा' म्हटलं की विचारतात, "थोडेसे म्हणजे बोटभर, की घरी गेल्यावर नवऱ्याला कळेल इतके?" मी दुपारी त्यांच्या मदतीला जाते. प्राण्यांशी मात्र त्यांचं कधी जमलं नाही. कुत्रं दिसलं की त्या फुटपाथ बदलतात.

त्यामुळे मागच्या थंडीत पार्लरच्या पायरीवर एक मांजर येऊन बसायला लागली, तेव्हा मला वाटलं, हिचे दिवस भरले. ड्रायरची गरम हवा दाराखालच्या फटीतून बाहेर जायची, त्या उबेसाठी ती यायची. मूळची पांढरी असावी. लांब केसांचे गठ्ठे होऊन पार राखाडी झाली होती. गल्लीत सगळे तिला 'पायपुसणं' म्हणायचे. मागचा एक पाय ओढत चालायची.

तिसऱ्या दिवशी जाऊबाई हातातला कंगवा तसाच धरून दारात उकिडव्या बसल्या आणि बराच वेळ तिच्याकडे बघत राहिल्या. "पायाला काही झालेलं नाही हिच्या," त्या म्हणाल्या. "मांडीच्या आतला गुंता कातडी ओढतोय. वेणी फार घट्ट घातली की कपाळ ताणतं ना, तसं."

मांजर कुणाची, ते बाकड्यावरच्या एका बाईनं सांगितलं. शेजारच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या टायपिंगच्या बाईंची. बाईंनी चाळीस वर्षं टायपिंगचा क्लास चालवला होता. आमच्या गल्लीतल्या निम्म्या लोकांना नोकऱ्या लागल्या त्या त्यांच्या हाताखाली शिकून. आता संधिवातानं त्यांची बोटं आखडली होती आणि जिना उतरून आठ महिने झाले होते.

पार्लर बंद करून आम्ही दोघी वर गेलो. बाईंनी दार साखळीपुरतंच उघडलं. डोक्याला रुमाल, नजर करडी.

"मांजर न्यायला आला असाल तर आल्या पावली परत जा. मागच्या महिन्यात एक गृहस्थ येऊन गेले. म्हणे, प्राण्यांच्या संस्थेत देऊन टाका."

"न्यायला कशाला येऊ, बाई? मला मांजरांची भीती वाटते," जाऊबाई म्हणाल्या. "केस कापायला आलेय. मला दुसरं काही येत नाही."

बाईंनी साखळी काढली.

मांजरीची ताटली जमिनीवर नव्हती, स्टुलावर होती, कारण बाईंना वाकता येत नव्हतं. ताटली घासून लख्ख केलेली. शेजारी एक कंगवा पडला होता, त्याच्या दांड्याला धरायला जाड व्हावा म्हणून चिंध्या गुंडाळलेल्या. "रोज प्रयत्न करते," बाई म्हणाल्या. "हातातून सुटतो. राणीचं काय झालंय ते दिसतं मला. पण सांगणार कुणाला? सांगितलं की न्यायलाच येतात."

जाऊबाईंनी तिथूनच जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, कात्री अजिबात लावू नका, कातडी फार नाजूक असते. आधी आंघोळही घालू नका, गुंता आणखी आवळतो. केस कापायच्या मशीननं काढा, एका वेळी दहाच मिनिटं. आणि कुठे जखम दिसली तर मला बोलवा.

दुसऱ्या दिवशी दुपारी काम सुरू झालं. राणी बाईंच्या मांडीवर, बाईंचे दोन्ही कोपर तिच्याभोवती, मी टॉर्च धरून, आणि जाऊबाई पार्लरचे दोन ॲप्रन एकावर एक चढवून. मशीन सुरू होताच राणीनं असा काही फुत्कार टाकला की जाऊबाई थेट दाराशी पोचल्या.

तेव्हा बाईंनी क्लासमधल्या आवाजात सुरुवात केली. "ए, एस, डी, एफ. ए, एस, डी, एफ. अंगठा स्पेसवर." एका लयीत, न थांबता. राणी लहानपणी क्लासमध्ये टाइपरायटरच्या बाजूलाच झोपायची म्हणे. तिचे कान हळूहळू सैल पडले. जाऊबाई परत आल्या आणि मशीनचं पातं फार तापलं नाही ना, हे दर मिनिटाला स्वतःच्या मनगटाला लावून बघत त्यांनी पहिली जट काढली. ती हातात घेतली तर नारळाच्या शेंडीसारखी कडक.

तीन दिवस लागले. जखम एकच निघाली, तीही वरवरची. डॉक्टर येऊन मलम देऊन गेले. शेवटची जट मांडीतून निघाली आणि राणी उठून सरळ चार पायांवर चालत गेली. दिसायला मात्र सोललेला बटाटा. कपाटाच्या आरशात स्वतःला बघून ती पलंगाखाली शिरली आणि तासभर बाहेर आली नाही. बाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

हसू ओसरलं. मग मनगटानं ढकलून त्यांनी डोक्यावरचा रुमाल काढला. हात डोक्यामागे पोचत नव्हता. मागचे केस कित्येक महिन्यांत विंचरलेले नव्हते.

"हेही बघतेस का?" त्या म्हणाल्या.

 जाऊबाईंनी खुर्ची खिडकीशी ओढली, तेल कोमट करून आणलं आणि गुंता बोटांनीच सोडवत बसल्या. उजेड जाईपर्यंत. केस कापायची वेळ आली तेव्हा त्यांनी विचारलं, "बोटभर, की शेजाऱ्यांना कळेल इतके?"

"कळू दे सगळ्यांना," बाई म्हणाल्या.

आता बुधवारी दुपारी पार्लर दोन तास बंद असतं. जाऊबाई वर जातात. आधी बाईंचे केस, मग राणीचे. आठवड्याचं सामान मी नेते. राणीला नवे केस आलेत, दुधासारखे पांढरे, आणि गल्लीत आता कुणी तिला पायपुसणं म्हणत नाही. जाऊबाईंची पिशवी दिसली की ती कपाटावर चढून बसते. "आली बघ तुझी वैरीण," बाई खालून सांगतात, आणि जाऊबाई तिला उतरवायला स्टुलावर चढतात.