खिडकीबाहेरची लोकर

सांगलीतल्या माझ्या खोलीच्या खाली राहणाऱ्या काकू चटणीसाठी जवस भाजतात, तेव्हा तो खमंग, तेलकट वास जिन्याने वर येतो आणि मला पाचगणीच्या शाळेतली चित्रकलेची खोली आठवते. तैलरंग जवसाच्या तेलात कालवतात, हे मला तिथे कळलं. त्या खोलीतल्या कपाटात आमच्या मिसचं एक जाडजूड पुस्तक होतं: नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, फिनलंडमधल्या एकोणिसाव्या शतकातल्या चित्रांचं. हात धुऊन आल्याशिवाय त्या कुणालाही ते उघडू देत नसत.

इतर पुस्तकांतली मुलं मखमली कपड्यांत नटून उभी असायची. या पुस्तकातली मुलं मात्र आपापल्या उद्योगात असत. कुणी बटाटे सोलतंय, कुणी धाकट्याला मांडीवर थोपटतंय, कुणी भांड्याभोवती चमचे घेऊन वाट बघत बसलंय. चित्रकाराकडे बघून कुणीच हसत नाही. धुराने काळवंडलेल्या भिंती, एकच खिडकी आणि तिच्यातून आलेला बेताचा उजेड. पण तेवढ्या उजेडात त्या चित्रकारांनी मुलांच्या मानेवरची लव दाखवली, आईच्या ओल्या हातांची लाली दाखवली. मला अजूनही याचं नवल वाटतं. घरात सगळी माणसं आहेत, कुणी काही बोलत नाही, तरी कुणी एकटं नाही. वर्गात सहसा तोंड न उघडणाऱ्या मला ही शांतता फार ओळखीची वाटायची.

एका चित्रावर मी पुन्हा पुन्हा थांबायची. खिडकीशी बसलेली आठ-नऊ वर्षांची मुलगी लोकर कातायला शिकते आहे. हातातून लोंबणारी लाकडी चाती, ताणलेलं सूत, आणि शेजारी तिची आई, नुसती बघणारी. आमच्या जतकडच्या घरी आई अशीच चाती फिरवायची, मेंढरांमागे चालतासुद्धा. शाळेत मात्र मी "आमची शेती आहे" एवढंच सांगत असे. ते खोटं नव्हतं. पण मेंढरं मी शिताफीने गाळत होते. आई भेटायला आली की फाटकाजवळच्या बाकावर बसायची आणि तिथूनच परत जायची. ती भिडस्त आहे, अशी मी स्वतःची समजूत घालून घेतली होती.

शेवटच्या वर्षी मिसनी प्रदर्शनासाठी त्या पुस्तकातल्या चित्रांच्या नकला करायला सांगितल्या. मी तेच चित्र घेतलं. प्रदर्शनाच्या दिवशी आई लवकरच्या एसटीने आली. फाटकावरच्या रखवालदाराने सगळ्या पालकांबरोबर तिलाही आत धाडलं. मी हॉलमध्ये पोचले तेव्हा हिरव्या लुगड्यातली आई नेमकी माझ्या चित्रासमोर उभी होती आणि शेजारच्या बाईंना मोकळ्या आवाजात सांगत होती, "आवं, बघा की! एवढी लोकर कातरून भायेर टाकलीया आन् ह्या मायलेकी आत बसल्यात. पाऊस आला म्हंजी? समदी नासंल की!"

खिडकीबाहेर बर्फ होता. मी तो जाड पांढऱ्या रंगाने थापला होता.

त्या बाई हसल्या. त्यांच्यामागे माझ्या वर्गातल्या दोघी फिदीफिदी हसल्या. त्यांतली एक, माझ्याच खोलीत राहणारी, माझ्या कानाशी इंग्रजीत कुजबुजली, "कोण गं ही? तुझ्या ओळखीची आहे?"

नाही म्हणणं सोपं होतं. आईने अजून मला पाहिलंही नव्हतं. मान हलवून सरबताच्या टेबलाकडे वळले असते, तर ती मुकाट्याने बाकावर जाऊन बसली असती. इंग्रजी शब्द जुळवायला गेले आणि बाहेर पडलं ते एवढंच, "व्हय."

शाळेत इतक्या वर्षांत मी हा शब्द कधी उच्चारला नव्हता. मग जरा सावरून म्हणाले, "आई आहे माझी."

आईने वळून पाहिलं. मी पुढे होऊन तिला हळूच सांगितलं, "आई, ते बर्फ हाय."

"असं व्हय?" ती अजिबात ओशाळली नाही. चित्राकडे आणखी वाकली. मूळ चित्रात त्या मुलीची बोटं पुसट होती. ती मी माझ्या आठवणीने भरली होती. आईने आपला उजवा हात वर केला. लहानपणी मोडून वाकडी बसलेली तिची करंगळी, सूत धरताना बाजूला उभी राहणारी. चित्रातल्या मुलीचीही तशीच होती.

"करंगळी माझी घातलीस व्हय गं हिला?" ती म्हणाली. "सरळ तर काडायची, बाय. त्या लेकराचा काय गुन्हा?"

मिस मागे उभ्या होत्या. त्या हसल्या, आणि या खेपेला मीही हसले.

आता आईची बोटं आखडतात, चाती तिने सोडून दिली आहे. मला कातता येत नाही. शिकायच्या वयात मी पाचगणीच्या थंडीत इंग्रजी कविता पाठ करत होते. त्या अनोळखी चित्रकारांचे मी मनोमन आभार मानते. घरातली अगदी साधी घटका बघण्याजोगी असते, हे मला त्यांनी शिकवलं. हेवा वाटतो तो चित्रातल्या त्या मायलेकींचा. सूत तुटेपर्यंत एकमेकींजवळ बसायला त्यांना सगळा वेळ मिळाला आहे. आम्हाला तो एसटीच्या वेळा बघून काढावा लागला.