बरी झालेली मुलगी

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. टाळणं अवघड गेलं नाही, कारण मला कोणी विचारलंच नाही. आमगावात मी आता निवृत्त शिक्षक म्हणून ओळखला जातो. सकाळी फिरायला जातो, दुपारी झोपतो, कुठे सत्कार असला की मागच्या रांगेत खुर्ची मिळते. मध्यंतरी शेजाऱ्यांनी एका प्रार्थनासभेला नेलं. तिथे एका बाईंनी साक्ष दिली की, देवरीकडच्या मिशनच्या शाळेत एक लंगडी मुलगी नाताळात सगळ्यांसमोर कुबडी फेकून चालू लागली. लोक रडले. मीही डोळ्यांना रुमाल लावला, कारण सगळ्यांनी लावला होता.

ती मुलगी बरी झाली नव्हती. ते नाटक होतं आणि ते मी बसवलं होतं.

जिल्हा परिषदेतून निवृत्त झाल्यावर मी त्या शाळेत लागलो. जंगलाला लागून गाव, कौलारू वसतिगृह, बाजूला लहानसं प्रार्थनाघर. आसपासच्या खेड्यांतली पायांनी अधू, अंध, न ऐकणारी मुलं तिथे राहून शिकत. मुख्य सिस्टर केरळच्या होत्या. आमचं घर छप्पनपासून बौद्ध, हे मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. सिस्टर म्हणाल्या, "भागाकार शिकवता येतो ना?" येतो म्हणालो. विषय संपला.

सिस्टरांची एक पद्धत होती. मूल घेऊन आलेला प्रत्येक बाप आधी एकच विचारी: कधी बरं होईल? सिस्टर म्हणत, "बरं नाही होणार. शिकेल." बाकी त्यांचं सगळं हिंदीत चाले, पण हे वाक्य त्यांनी मराठीत पाठ केलं होतं. ते ऐकून काही जण त्याच बसने परत जात. सिस्टर त्यांना अडवत नसत. मला ते कठोर वाटायचं. निदान "पाहू" म्हणावं, असं मी एकदा सुचवलं. त्या म्हणाल्या, "मास्तरजी, 'पाहू' म्हटलं की बाप पाहतच बसतो."

या मुलीचा बाप चिचगडकडच्या एका गावातून आला होता. थोडी धानाची शेती, उन्हाळ्यात मोहफुलं आणि तेंदूपत्ता. सिस्टरांचं वाक्य ऐकून तो बाहेर झाडाखाली जाऊन बसला. बराच वेळ बसून परत आला आणि म्हणाला, "शिकन तं शिकू द्या." मुलगी राहिली.

तिचा डावा पाय लहानपणापासून लुळा. मांडीपासून टाचेपर्यंत कॅलिपर, म्हणजे लोखंडी पट्ट्या आणि चामड्याचे पट्टे, आणि काखेत कुबडी. मुलगी वाढली की कॅलिपर आखूड होतं, मग मापाचं नवं करावं लागतं. ते शाळा करून आणी. वाचायला ती वर्गात सगळ्यांत पुढे होती. शेजारी एक अंध मुलगी बसायची. ही तिला धडे वाचून दाखवी, ती हिचं दप्तर उचले. मोठी होऊन मॅडम होणार, असं ही सांगायची. कोणत्या विषयाची, असं विचारलं तर म्हणायची, "खुर्चीवर बसून शिकवता येते तो कोणताही."

आता माझ्याविषयी. तरुणपणी मी झाडीपट्टीच्या नाटकांत कामं केली. धान कापून झाला की आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, आणि मंडई म्हटली की रात्रभर नाटक. मी बहुधा खलनायक असायचो. एका गावात नाटकाच्या दुसऱ्या दिवशी टपरीवाल्याने मला चहा दिला नाही. सुनेला छळणाऱ्या माणसाला चहा पाजणार नाही म्हणाला. मी त्याच्या गावातल्या कोणत्याही सुनेला ओळखत नव्हतो. म्हणजे आमच्याकडचे लोक नाटक कसं पाहतात हे मला माहीत नव्हतं, असं मला म्हणता येणार नाही.

या अनुभवामुळे शाळेतलं नाताळचं नाटक माझ्याकडे आलं. दरवर्षी येशूच्या जन्माचं बसवायचो. योसेफाला मी एकही वाक्य ठेवलं नव्हतं, म्हणून ते काम न ऐकणाऱ्या मुलाकडे. व्हीलचेअरला गोधडी आणि लाकडी मान लावून उंट केला होता, त्यावर राजा यायचा. लोकांना आवडायचं, पण टाळ्या बेताच्या पडायच्या. येशू लंगड्याला बरं करतो तो प्रसंग घेऊ या, असं मी दोनदा सुचवलं होतं. सिस्टर दोन्ही वेळा नाही म्हणाल्या. या घरात बरं होण्याचं नाटक करायचं नाही, एवढंच कारण दिलं.

मग एका वर्षी नाताळच्या तोंडावर सिस्टरांची आई आजारी पडली आणि त्या गावी गेल्या. त्याच वर्षी नागपूरहून शाळेला मदत करणारे पाहुणे पहिल्यांदाच येणार होते. मी तो प्रसंग घेतला.

मुलीला विचारलं तर ती लगेच तयार झाली. कॅलिपरचा गुडघा पक्का अडकवला तर कुबडीशिवाय ती थोडी पावलं टाकू शकत होती, डोलत डोलत. आम्ही ती पावलं वाढवली. रोज शाळा सुटल्यावर तालीम. पट्ट्याखाली मांडी सोलून निघायची. स्वयंपाकाच्या बाई तिला खोबरेल लावून द्यायच्या आणि माझ्याशी बोलायच्या नाहीत. मी लांब परकर शिवून घेतला, म्हणजे लोखंड दिसणार नाही. कुबडी कशी फेकायची हेही शिकवलं. नुसती सोडायची नाही, भिरकावायची.

तिने एकदाच विचारलं, "मी पडली तं जी?"

मी म्हणालो, "पडलीस तर लोक आणखी रडतील."

यावर ती हसली. विनोद मलाही बरा वाटला होता.

पालकांना लांब जायचं असतं म्हणून कार्यक्रम दुपारी होता. बाकं जोडून रंगमंच, चादरींचा पडदा. पाहुणे पुढे खुर्च्यांवर, पालक मागे सतरंजीवर. येशूचं काम करणाऱ्या मुलाने हात वर केला, मी पेटीवर सूर धरला, मुलीने कुबडी भिरकावली आणि ती चालली. पाहिजे त्यापेक्षा चांगली चालली. इतक्या टाळ्या मला मंडईतही कधी मिळाल्या नव्हत्या.

पडदा पडण्याआधीच तिचा बाप वर चढला. मुलीला त्याने दोन्ही खांद्यांना धरून उभं केलं आणि तिच्याकडे पाहत राहिला. मग ती डोलतेय हे बघून उचलूनच घेतली. पाहुण्यांपैकी एक बाई हुंदके देत म्हणत होत्या, आपण डोळ्यांनी पाहिलं, डोळ्यांनी पाहिलं. एक मोठे पाहुणे माझ्या खांद्यावर हात ठेवून उभे होते. मुलीला कडेवर घेऊन बाप माझ्याकडे आला.

"गुरुजी, खरंच बरी झाली?"

मुलगी माझ्याकडे पाहत होती. नाटक आहे, आता सांगतील, असं तिच्या तोंडावर होतं. खांद्यावरचा हात तसाच होता.

मी म्हणालो, "देवाची कृपा."

मी एरवी देवाचं नाव घेत नाही.

संध्याकाळच्या बसने बाप तिला घेऊन निघाला. वर्ष पुरं होऊ द्या, एवढं मी म्हटलं. तो म्हणाला, "अधू होती म्हणून इथं ठेवली जी. बरी पोरगी कायले ठेवता? घरी धानाची मळणी आहे, लहान भाऊ आहे." मुलगी म्हणाली, "बाबा, ते नाटक होतं." बापाने ते मनावर घेतलं नाही. शाळा सोडायची नाही म्हणून पोरगी बहाणे करते, असं तो मला हसून म्हणाला. मीही थोडा हसलो. कुबडी त्याने नेली नाही. पायातलं लोखंड पाय पुरता भरेपर्यंतच लागेल, असं तो धरून चालला होता.

दुसऱ्या दिवशी त्या अंध मुलीने विचारलं, ती कुठे गेली. बरी झाली म्हणून घरी गेली, असं मी सांगितलं. ती म्हणाली, "बरी झाली तं मले भेटून काऊन नाही गेली?" मी तिला पाढे म्हणायला लावले.

सिस्टर परत आल्या तेव्हा त्यांना बसस्टँडवरच सगळं कळलं होतं. त्या रागावल्या नाहीत. चहा घेतला आणि म्हणाल्या, "मास्तरजी, तुम्ही जा. तुम्हीच सांगा त्यांना." रविवारी जातो म्हणालो. रविवारी बस नव्हती. पुढच्या रविवारी होती, पण माझी कंबर धरली होती. शेवटी सिस्टर स्वतः गेल्या. बापाने त्यांना खाटेवर बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तुमी तं नव्हतेच जी तवा. गुरुजी होते. गुरुजीनंच सांगतलं." सिस्टर परत आल्या आणि हे वाक्य मला जसंच्या तसं, आपल्या मोडक्या मराठीत, म्हणून दाखवलं. म्हणजे त्या मुलीला शाळेत परत आणणं फक्त मला शक्य होतं. हे मला त्याच दिवशी कळलं होतं. आज लिहिताना कळलं असं नाही.

दरम्यान गोष्ट पसरली. आया मुलांना पाठीवर घेऊन येऊ लागल्या. सिस्टर प्रत्येकीला तेच सांगत: बरं नाही होणार, शिकेल. त्यातल्या काही जणींनी मुलं ठेवली. त्या वर्षी वर्ग भरला. मी स्वतःला सांगितलं की एक मुलगी गेली आणि बरीच आली. गणिताचा शिक्षक असल्यामुळे हे मला पटवून घ्यायला सोपं गेलं.

मग एक दिवस गावचे पोलीस पाटील आले. शाळेत चमत्कार करून लोकांना फसवतात अशी कुरबुर होती. त्यांनी मला बाजूला घेतलं. "गुरुजी, तुमी तं बौद्ध ना जी?" हो म्हणालो. "मंग चमत्कार कायले करून राहिले?" मी हात जोडले आणि एका दमात सगळं सांगितलं: नाटक होतं, परकराखाली लोखंड होतं, तालीम मीच घेतली, मुलगी होती तशीच आहे. पाटलांचं समाधान झालं. जाताना म्हणाले, "नाटक मस्त बसवलं असन मंग."

तर असं आहे. ज्याला भीत होतो त्याला मी खरं सांगितलं. ज्याने विश्वासाने विचारलं होतं त्याला नाही.

सिस्टरांची पुढे बदली झाली. निरोपाच्या वेळी त्यांनी मला शुभेच्छा दिल्या आणि तो विषय काढला नाही. त्यापेक्षा काढला असता तर बरं झालं असतं. मीही थोड्या वर्षांनी काम सोडलं.

त्या प्रार्थनासभेनंतर आठवडाभराने मी चिचगडची बस धरली. घर विचारत गेलो. मुलगी, आता बाईच म्हणायची, अंगणात बसून मोहफुलं निवडत होती. कॅलिपर पहिल्याच पावसाळ्यात आखूड झालं होतं, मग काढून ठेवलं. पाय गुडघ्यातून वाकला तो वाकलाच. ती हातांवर सरकत आत गेली आणि माझ्यासाठी चहा घेऊन आली. कप पुढे ठेवायचा, मग आपण सरकायचं, मग पुन्हा कप. मी उठलो तर म्हणाली, "बसा जी, सांडत नाही."

बाप आता म्हातारा झालाय. त्याने मला ओळखलं आणि पायाला हात लावायला वाकला. मी आवरलं. तो खाली बसला आणि आपणहून सांगू लागला. पोरगी बरी झाली होती, सगळ्यांनी पाहिलं होतं. पण तो परत कधी प्रार्थनेला गेला नाही. शेतीत राहिलं, मग राहूनच गेलं. "इतकं देल्लं देवानं अन् मी साधं हात जोडाले नाही गेलो जी. मंग त्यानं पाय वापस घेतला. चूक माह्यीच." हे तो इतक्या सवयीने बोलला की, रोज कोणाला ना कोणाला सांगत असावा.

मुलगी मोहफुलं निवडायची थांबली होती. ती माझ्याकडे पाहत होती. ती सगळं जाणून होती. बापाला तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आणि तिचं चाललं नव्हतं. माझं चाललं असतं.

मी म्हणालो, "चहा छान झाला."

थोड्या वेळाने तिने विचारलं, "गुरुजी, आताही नाटक बसवता का जी?"

नाही म्हणालो, वय झालं.

"बाबा, गुरुजीले जाऊ द्या," ती म्हणाली. "बस चुकन त्याहिची." आणि पुन्हा निवडायला लागली.

बसला अजून वेळ होता. मी रस्त्यावर जाऊन उभा राहिलो, बस आली तेव्हा चढलो. तो म्हातारा अजूनही देवाची माफी मागतो आहे. त्यांच्या गावी जाताना बसमध्ये मी वाक्यं पाठ केली होती, भूमिकेची करतो तशी, आणि ती सगळी मला आठवत होती. आधी बापाकडे पाहून म्हणायचं होतं: दादा, देवानं काही वापस घेतलं नाही, कारण त्यानं काही दिलंच नव्हतं, पोरगी बरी झाली असं मी तुमच्याशी खोटं बोललो, तुमचं काहीच चुकलं नाही. मग तिच्याकडे वळून: बाई, त्या दिवशी तू माझ्याकडे पाहिलंस तेव्हा मला बोलायला हवं होतं, तुझी शाळा माझ्यामुळे सुटली, मला माफ कर.