झानिलअपाची रिकामी बरणी

समुद्राकाठच्या बाउतिनो गावातल्या मत्स्यकेंद्रात झानिलअपा सव्वीस वर्षं फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेल्या नमुन्यांच्या बरण्या पुसत होती. कॅस्पियन समुद्रातल्या हाडं नसलेल्या जिवांशी तिचं माणसांपेक्षा बरं जमायचं. स्पंज म्हणजे सगळ्यांत आळशी सोयरा: तोंड नाही, पोट नाही, अंगाला नुसती भोकं. चपट्या अळीला निदान डोकं होतं. ते कशाला वापरायचं हे तिला कळलं नसावं, असं अपाचं मत. जेलीफिशला डोकंही नाही आणि काळीजही नाही, तरी डंख मारायला विसरत नाही. "अगदी आमच्या थोरल्या जाऊबाई," अपा म्हणायची.

जेलीफिशच्या फळीवरच्या शेवटच्या बरणीत मात्र नुसतं गढूळ पाणी होतं. अपा ती दोनदा पुसायची.

नवा अधिकारी दाउरेन शिस्तीचा. ज्या बरणीवर जात, जागा आणि आणणाऱ्याचं नाव नाही, ती मोरीत ओतायची, असं त्याने ठरवलं.

"अपा, यात काय होतं?"

"जेलीफिश. आमच्या घरधन्यांनी आणलेला. मासे सोडून जाळ्यात हेच यायला लागलं होतं. मासे मिळेनात म्हणून दुसऱ्या दिवशी ते लांब गेले."

होडी सापडली होती, घरधनी नाही. याला बावीस वर्षं झाली.

दाउरेनने बरणी उजेडात धरली. "हा जेलीफिश नव्हताच, अपा. तो फॉर्मॅलिनमध्ये वर्षानुवर्षं टिकतो. ही कंगवेवाली जेली. दिसायला तशीच, पण कूळ वेगळं. डंख नाही. अंगावर कंगव्यांच्या आठ ओळी, त्या हलवत पोहते. आपल्या माशांचं खाणं हिनेच फस्त केलं. फॉर्मॅलिनमध्ये टाकली की विरघळते. मागे काही उरत नाही."

"आमच्यात सात पिढ्यांचे बाप तोंडपाठ नसतील तर सोयरीक करत नाहीत," अपा सावकाश म्हणाली, "आणि मी हिला बावीस वर्षं परक्यांच्या घरात बसवलं."

"जात लिहिली. जागाही. आणणाऱ्याचं नाव?"

"घरधनी."

"नाव, अपा."

"तुझ्या आईने घेतलंय कधी तुझ्या बापाचं नाव?"

"दिवसभर घेते. शिव्यांसकट."

"शहरातली दिसते."

दाउरेन पेन धरून बसला. अपा फडकं पिळत राहिली, कोरडं होतं तरी.

रिकामी होडी सापडली त्या दिवशी सगळं बाउतिनो किनाऱ्यावर उभं राहून समुद्राकडे तोंड करून घरधन्याचं नाव घेऊन हाका मारत होतं. पोरं, म्हातारे, जाऊबाईसुद्धा. एकटी बायको तोंड मिटून उभी होती, रीत म्हणून. इतरांच्या हाकेला नसेल वळला, आपल्या हाकेला वळला असता का, हा विचार तिच्याबरोबर रोज कामाला यायचा.

दाउरेनने शेवटी बरणी उचलली आणि तो मोरीकडे वळला.

"सेइतजान," अपा म्हणाली. जेवायला बोलवावं तशी, जरा मोठ्याने.

दाउरेन परत आला, बसला, त्याने चिठ्ठी लिहिली आणि बरणीवर चिकटवली. "झालं, अपा. चहा टाकता?"

"थांब जरा," अपा समुद्राकडच्या दाराकडे बघत म्हणाली. "लांबून यायचं असतं त्यांना."

दाउरेन शिकलेला माणूस. पण तोही दाराकडे कान लावून बराच वेळ बसून राहिला.