खरवस कोणी खाल्ला?

“मॅडम, लांबूनच पाहा. थे हलते.”

दारातल्या गर्दीतून कोणीतरी बजावलं. हलत काहीच नव्हतं. सुमनबाईंच्या गोठ्यात एक घमेलं उपडं घातलेलं, वर मोठा दगड. मी दगड बाजूला केला आणि घमेलं उचललं. खाली नारळाएवढा केसाळ गोळा. डोकं नाही, पाय नाहीत, तोंड नाही. गिरडजवळचं हे गाव माझ्या दवाखान्याच्या हद्दीत येतं. जनावरांची सरकारी डॉक्टर म्हणून वीस वर्षं झाली, पण दगडाखाली कैद केलेला पेशंट मी पहिल्यांदाच बघत होते.

सुमनबाई एकट्या. दोन एकर कोरडवाहू आणि ही एक जर्सी गाय, एवढाच संसार. गाय पहाटे व्याली. ठणठणीत कालवड झाली. बाईंनी चीक, म्हणजे व्यायल्यावरचं पहिलं घट्ट दूध काढलं, खरवस शिजवला आणि रीतीप्रमाणे आळीत वाट्या पोचवल्या. आता कालवडीला पाजणार, तेवढ्यात वार, म्हणजे गर्भाभोवतीची पिशवी, पडली. वारेबरोबर हा गोळा.

आणि नेमका दोनच दिवसांपूर्वी समाजमंदिरात जुना इंग्रजी पिक्चर दाखवलेला, हिंदीतून. आकाशातून काहीतरी पडतं, त्यातला जीव माणसांचं रूप घेतो, मग जो तो शेजाऱ्याकडे संशयाने बघतो. मला असले पिक्चर फार आवडतात. राक्षस रबराचा असतो, पण घाबरलेली माणसं अगदी अस्सल असतात.

कालवड आईपासून लांब, कडुनिंबाला बांधलेली होती. मान टाकून बसली होती.

“हिला चीक पाजला?”

“नाई,” सरपंच रामभाऊ म्हणाले. “थे वासरू नाईच मॅडम. त्या गोळ्यानं वासराचं रूप घेतलं. गाय-वासरू दोघालेबी गावाबाहेर काढाचं ठरलं.”

“मॅडम, माही गाय गेली तं मी काय करू?” सुमनबाई रडायलाच लागल्या.

पहिल्या काही तासांत चीक पोटात गेला नाही, तर वासराला रोगाशी लढायची ताकद येत नाही. सकाळचे दहा वाजले होते. मी घाईघाईने समजावलं, “हे जुळं होतं. एकाची वाढ नीट झाली, दुसऱ्याचा असा गोळा झाला. याला हृदय नसतं. हा दुसऱ्याच्या रक्तावर जगतो.”

गर्दी चार पावलं मागे सरली.

“रगत पेते?” कोणीतरी विचारलं.

मग मी आणखी मोठा शहाणपणा केला. गोळा कापून दाखवला. आत चरबी, थोडं हाड, बाकी काही नाही. “पाहा, मेलेलाच आहे.”

“मंग आतला कुठं गेला?” रामभाऊ म्हणाले.

असल्या पिक्चरमध्ये डॉक्टर इंटरव्हलच्या आत का मरतो, ते मला त्या दिवशी कळलं.

चिडून मी विचारलं, “याच गायीचा खरवस कोणी कोणी खाल्ला?”

कोणीच नाही. एकाचा सांडला होता, एकाच्या मांजराने खाल्ला होता, एकाला दुधाचं पथ्य होतं. ज्याच्या पोटात खरवस तो नकली, हे सगळ्यांनी मनातल्या मनात ठरवूनच टाकलं होतं. मी सुमनबाईंकडून उरलेली वाटी मागितली आणि सगळ्यांसमोर खाल्ली. वेलची छान होती.

“गेल्या! मॅडमबी गेल्या!” मागून आवाज आला.

तेवढ्यात कांताबाई, म्हणजे सरपंचांच्या पत्नी, गर्दीतून पुढे आल्या. “मॅडम, यायनं सकाळीच तीन वाट्या हाणल्या. चौथीसाठी मले पाठवून राह्यले होते.”

रामभाऊंचा चेहरा उतरला. लोक त्यांच्यापासून हळूच सरकू लागले.

“सरकून काऊन राह्यले?” कांताबाई कडाडल्या. “नकली असते तं आतापावतर घरातलं एखादं काम नसतं केलं का? खाऊन घोरत पडले होते. आमचेच हायेत हे!”

आधी बायका हसल्या, मग सगळेच. “मीबी खाल्ला,” पथ्यवाले म्हणाले. मांजरवाल्यांनी तर दोन वाट्या खाल्ल्या होत्या. रामभाऊंनी कालवड सोडली आणि उचलून गायीपाशी आणली. तिला उभंही राहवत नव्हतं. मी आणि सुमनबाईंनी दोन्हीकडून धरलं आणि तिने सड तोंडात घेतला. मला भरून आलं, खोटं कशाला सांगू?

कालवड जगली. आता ती स्वतःच गाभण आहे.

गोठ्यात काय जन्माला आलं, ते मी सांगू शकते. माणूस खरा की नकली, हे मात्र त्याच्या बायकोलाच विचारावं.